पंधरावा सोमवार

सुकापूर, नवीन पनवेल
१३ ऑगस्ट २०२४

प्रिय शोभाताई,

पाकीट बघून दचकली असशील. दचकू नकोस, इरा ठीक आहे. फोन हाताशी असताना ही बाई टपालाने का पत्र पाठवतेय, ते आधी सांगते.

तुझी लेक माझा फोन वाचते. इथे आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला माझा पासवर्ड कळला. (शाळेच्या ग्रंथालयात पंचवीस वर्षं काढलेल्या बाईचा पासवर्ड काय असणार? जन्मसाल.) तू मला रोज पाठवतेस ना, ‘आज किती खाल्लं’, ‘गाल भरलेत का’, ‘खरं सांग’, ते सगळं तिने वाचलं. चोरून नाही हं, माझ्यासमोर बसून. मग म्हणाली, “मावशी, मी जेवायला बसते तेव्हा टेबलावर आपण दोघीच नसतो. आई पण असते, आणि ती घास मोजत असते.”

रमा मॅडमना, म्हणजे खारघरला दर गुरुवारी ती ज्यांच्याकडे जाते त्या समुपदेशक बाईंना, मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, तिच्या जेवणाबद्दल फोनवर एक अक्षर नको. आता तुला विचारल्याशिवाय राहवणार नाही आणि मला सांगितल्याशिवाय. म्हणून हे पत्र. कराडला पोचायला चार दिवस लागतील, तेवढ्यात तुझी निम्मी काळजी शिळी होईल. इराला ठाऊक आहे आपण लिहिणार आहोत ते. तिची एकच अट आहे, वजन लिहायचं नाही. तू उत्तर माझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठव.

आता हवं ते ऐक. तिला इथे येऊन दोन आठवडे झाले. आहारवाल्या बाईंनी दिलेला तक्ता फ्रिजवर लावलाय. दिवसातून सहा वेळा खायचं. मीही तिच्याबरोबर सहा वेळा खाते, त्यामुळे एकीला औषध लागू पडो न पडो, दुसरीचे ब्लाऊज घट्ट व्हायला लागलेत. गेल्या मंगळवारी तिने पहिल्यांदा अख्खी पोळी खाल्ली. तिला पन्नास मिनिटं लागली. कपाळावर घाम होता. मध्येच म्हणाली, “मावशी, तू बोलत राहा, काहीही बोल.” म्हणून मी आमच्या मुख्याध्यापकांच्या केसांच्या टोपाची सगळी हकिगत सांगितली.

ताई, तुला आजोळची विहीर आठवते? तू धाडकन उडी मारलीस आणि मी दुपारभर कठड्यावर बसून रडले. पाणी खोल नाही हे ठाऊक असूनही. ही पोरगी दिवसातून सहा वेळा त्या कठड्यावर उभी राहते आणि सहा वेळा उडी मारते. आपण सगळे तिला नाजूक म्हणत होतो. मी इतकी धीट मुलगी अजून पाहिलेली नाही.

तुझी, जाड होत चाललेली,
किशोरी

---

कराड
२१ ऑगस्ट २०२४

किशे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ह्यांनी एकदा मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे चारदा. ‘पन्नास मिनिटं’ आलं तिथे हे चष्मा पुसायला उठून गेले.

मला एवढंच सांग, तिला रात्री झोप लागते का? केस गळायचे थांबले का? हात अजून गार असतात का? हे वजनात धरू नकोस.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. अकरावीत असताना तिने पहिला सोमवार धरला. मग चतुर्थी, मग गुरुवार, मग एकादशी. बारावीच्या नवरात्रात नऊ दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर राहिली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना मी सांगायची, “आजकालच्या मुली एवढं कुठं करतात?” तिच्यासमोर सांगायची. बायका तिच्या पाठीवरून हात फिरवायच्या. पुढे हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, उपवास कधीपासून करते? तर मी उत्साहाने एकेक वार सांगायला लागले. हे खाली मान घालून बसले होते. डॉक्टर लिहायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं की मी कौतुक सांगत नव्हते, आजाराच्या तारखा सांगत होते.

अॅनोरेक्सिया म्हणे, खायचीच भीती बसणारा आजार. नाव काही का असेना. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच कौतुकावर वाढला.

तू तिला सांभाळतेस, हे मी विसरणार नाही. इथे बसून मी माझ्या परीने करायचं ते करतेच आहे. मेतकूट पाठवलंय. तिने खाल्लं तर बरं, नाही तर तू खा.

ताई

---

सुकापूर
११ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

झोप लागते. केस कमी गळतात. हात कधी गार, कधी कोमट.

आता खुर्चीवर बस. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती, ती सांगते. इराच्या आयुष्यात एक मुलगा आहे. आर्यन त्याचं नाव. ती बेलपाड्यात खोली घेऊन राहायची आणि त्या मालवाहतुकीच्या ऑफिसात नोकरी करायची, तेव्हापासूनचा. तो बंदराकडे एका यार्डात कंटेनर उचलणारी भलीमोठी गाडी चालवतो. उरणकडच्या कोळीवाड्यातला आहे. वडील बोटीवर असतात, आई मासळी विकते. इरा हॉस्पिटलात होती, मग सहा महिने तुझ्याकडे होती, तेव्हा तो तिच्यासाठी थांबला. भेटायला आला नाही, कारण तिने येऊ नकोस म्हणून सांगितलं होतं.

शनिवारी माझ्या दीड दिवसाच्या गणपतीला तो आला. उंच आहे, दारातून वाकून आत आला. आरतीला आवाज असा काढला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. मग मोदक वाढले. मी इराच्या ताटाकडे बघायचं नाही म्हणून मुद्दाम समईची वात सारखी करत बसले. तो तिला त्याच्या यार्डातल्या एका कुत्र्याची गोष्ट सांगत होता, ती हसत होती, आणि हसता हसता ताई, तिने एक अख्खा उकडीचा मोदक खाल्ला. तुपासकट! पंधरा मिनिटांत!

मी स्वयंपाकघरात जाऊन रडून आले. एवढे डॉक्टर झाले, तक्ते झाले, आणि औषध हे होतं. तेव्हापासून तो दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा ती पोटभर जेवली. मी तर सांगते, आता काळजी सोड.

लपवल्याबद्दल रागव, पण कमी रागव.

किशोरी

---

कराड
१८ सप्टेंबर २०२४

किशे,

लेकीच्या आयुष्यात माणूस आहे हे मला टपालाने कळावं! मला सांगायला तिला काय झालं होतं? आणि तुला?

ह्यांना सांगितलं. कोळ्यांचा मुलगा म्हटल्यावर उठून अंगणात गेले. तासाने आत येऊन म्हणाले, “मी एकदा पनवेलला जाऊन येईन म्हणतो.” माझ्याही मनात काय काय आलं, ते लिहीत नाही. लिहायलाही लाज वाटते. मोदक खाऊ घालणारा असेल तर कुणाचा का असेना.

मोदक अख्खा खाल्ला? सारणासकट?

ताई

---

सुकापूर
२७ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी मूर्खासारखं लिहिलं होतं. ते मागे घेते.

आर्यनची पाळी बदलली, त्याचं येणं आठवड्यातून एकदा झालं. तो असला की इरा जेवायची. नसला की ताट पुढे ओढून बसून राहायची. ती जेवत होती ती त्याच्यासाठी, हे मला दिसलं नाही. रमा मॅडमना लगेच दिसलं. मला म्हणाल्या, “तो येणं हे तिचं बक्षीस होतं. ती त्यासाठी जेवत होती, भुकेने नाही.”

तो नसला की ती जेवत नाही, हे त्याच्या कानावर गेलं आणि त्या शहाण्याने काय करावं? तिला फोनवर म्हणाला, “तू नाही जेवलीस तर मी पण नाही जेवणार.” प्रेमात माणसं असलं काहीतरी बोलतात आणि विसरतात. हा विसरला नाही. दोन दिवस उपाशी त्या गाडीवर बसला. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये डोळ्यांपुढे अंधारी आली. वर उचललेला कंटेनर तसाच लटकत राहिला. नशीब, खाली कोणी नव्हतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमची बेल वाजली. दारात एक बाई. नऊवारी, केसांत अबोली, हातात रिकामी पाटी.

“मी शांती. आर्यनची आय. तुमची भाची कंची?”

इरा उठून उभी राहिली. रंग उडाला होता तिचा. मला वाटलं, आता ही बाई पोरीला फाडून खाणार.

“बस, पोरी,” शांतीबाई म्हणाल्या. “तुज्यावर राग नाय माजा. माज्या पोरावर हाय. आमी उपाशी मानसाला बोटीवर घेत नाय, ठाव हाय? त्याचा हात सुटतो आन् तो दुसऱ्याला घेऊन पान्यात जातो. हे त्याला बारका होता तवापास्नं शिकवलंय. आन् हा येडा, पोरीसाठी उपाशी गाडीवर चढतो! तुला काय फायदा झाला त्याचा?”

“नाही झाला,” इरा हळूच म्हणाली. “उलट मला घास जाईना.”

“मंग? त्याला सांग तसं. मी सांगून ऐकत नाय.” आणि माझ्याकडे वळून, “बाय, भात हाय का गो? चारला उठून जेवलेली मी, त्याला आता दहा तास झाले.”

मी घाईने वाढलं. पाय पसरून, पाठ भिंतीला टेकवून त्या निवांत जेवल्या. आमटी दोनदा घेतली. त्यांच्याकडे म्हणे जो आधी घराबाहेर पडणार तो आधी जेवतो. बाजाराच्या दिवशी सगळ्यात आधी त्याच जेवतात, नवरा-मुलं मागून. इरा त्यांच्याकडे बघत होती. आपण एखादी नवी भाषा ऐकताना बघतो तशी.

संध्याकाळी तिने आर्यनला बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, “तुझ्या उपाशी पोटाचं ओझं मला माझ्या ताटात नकोय. मी ज्या दिवशी जेवणार नाही, त्या दिवशी तू माझ्या शेजारी बसून जेव. जमेल?” तो मग म्हणाला, “कठीण आहे. पण करतो.”

तेवीस वर्षांची आहे ती. मी बावन्न वर्षांची, मला असं कोणाला सांगता आलं नसतं.

किशोरी

---

सुकापूर
१५ ऑक्टोबर २०२४

शोभाताई,

हे पत्र रागात लिहितेय. रागातच वाच.

रविवारी सहा तारखेला दाजी येऊन गेले. आर्यनशी चांगले बोलले, अगदी गाडीचे गिअर वगैरे विचारले. मला वाटलं, चला, निभावलं. संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. इरा आमटी-भात खात होती. दाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बाळा, आता तरी नीट जेवत जा. तुझ्या आईने तुझ्यासाठी सोळा सोमवार धरलेत. मिठाचा कण तोंडात घालत नाही. उद्या दहावा.”

त्यांची काही चूक नाही. त्यांना वाटलं, आईची माया ऐकून लेकीचा जीव भरून येईल. इराने ताट संपवलं, हात धुतले, बाबांना स्टँडवर सोडून आली. आणि सोमवारी सकाळी नाश्त्याच्या बशीला हात लावला नाही. दुपारी नाही, रात्री नाही. म्हणाली, “आज आईचा सोमवार आहे. ती माझ्यामुळे उपाशी असताना मी कशी खाऊ?” काल परत तेच. सगळा दिवस.

ताई, तू हे काय करून बसलीस? जी मुलगी उपवास करता करता मरणाच्या दारात गेली, तिने जेवावं म्हणून तू उपवास करतेस? ‘माझ्या परीने करतेच आहे’ असं तू लिहिलं होतंस. मला वाटलं, रोज दिवा लावत असशील, माळ ओढत असशील. दोन महिन्यांत एका अक्षराने सांगितलं नाहीस, आणि मी आर्यनचं लपवलं म्हणून माझ्यावर रागावलीस.

सोड. या सोमवारपासून सोड.

किशोरी

---

कराड
२२ ऑक्टोबर २०२४

किशे,

सोडता येत नाही.

तू म्हणशील अंधश्रद्धा. म्हण. पाच ऑगस्टला माझा पहिला सोमवार झाला. सहा ऑगस्टला तिने अख्खी पोळी खाल्ली, हे तूच मला लिहिलंस. मी कॅलेंडर काढून बघितलं. मोदक खाल्ला तेव्हा माझे पाच झाले होते. आता तू सांग, मी काय समजायचं? सहा महिने ती माझ्या घरात होती. तिच्यापुढे काय काय नाही केलं मी. पुरणपोळ्या केल्या, पाया पडले, एकदा हात उगारला. काही झालं नाही. आणि हे धरलं नि ती जेवायला लागली.

आता चार राहिलेत. हे व्रत मध्ये सोडत नाहीत. सोडलं आणि तिला काही झालं तर? तू मला समजावशील, रमा मॅडम समजावतील. पण त्या दिवसानंतर मी आरशात कशी बघू? तुला मूल नाही, किशे. तुला नाही कळायचं.

वरचं वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. खोडलं तरी तू उजेडात धरून वाचशीलच, लहानपणापासूनची सवय तुझी. म्हणून खोडत नाही. माफ कर. मला दुसरं काही सुचत नाही गं. मला उपाशी राहण्यापलीकडे दुसरं काही कोणी शिकवलंच नाही.

ताई

---

सुकापूर
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

नाही मला मूल. वाक्य लागलं, खोटं कशाला सांगू. दोन दिवस उत्तर लिहायला घेतलं नाही. मग वाटलं, मला नाही म्हणूनच कदाचित तुझं थोडं लांबून दिसतं.

आता नीट वाच. सोमवारला शनिवार येऊन मिळालाय. आठवड्यातले दोन दिवस ती जवळजवळ काही खात नाही. दिवाळीत तिने माझ्याबरोबर चकल्या केल्या, सगळ्या सोसायटीला वाटल्या, स्वतः एक तुकडा मोडला आणि ठेवून दिला. गुरुवारी रमा मॅडमनी मला आत बोलावून सांगितलं, असं आणखी दोन आठवडे चाललं तर तिला परत हॉस्पिटलात न्यावं लागेल. इराही तिथेच बसली होती. ती रडली नाही. म्हणाली, “मला नाही जायचं. पण सोमवारी माझा हातच पुढे जात नाही.”

मग मॅडमनी तिला एक साधा प्रश्न विचारला. घरात कोणाला जेवताना बघायला आवडायचं? तिने सांगितलं, बाबांना, ते भुरके मारतात. आजोबांना. मॅडम म्हणाल्या, आणि आईला? इरा खूप वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, “आईला मी जेवताना पाहिलेलंच नाही.”

ताई, मी तिथे बसून आठवून बघितलं. मी तुला बावन्न वर्षं ओळखते. तू वाढतेस, आग्रह करतेस, गरम पोळी टाकून येते म्हणतेस. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्याने, उरलेलं, पातेल्यातून. मला तू बसून जेवतानाची एकच वेळ आठवली, तुझ्या लग्नात, दाजींनी नाव घेऊन भरवलं तो घास. आपली आईही तशीच होती. आपल्याकडे बाईच्या मायेची खूण म्हणजे तिचं रिकामं पोट. इराने फक्त ते आपल्यापेक्षा जास्त मन लावून शिकून घेतलं.

आर्यनबद्दल तू विचारत नाहीस, तरी सांगते. काल चौदावा सोमवार. पहाटेची पाळी करून तो दुपारी आला, डबा उघडला, भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. शेजारी इरा, पुढे भरलेलं ताट, हात मांडीवर. तो जेवला. तिला कबूल केलं होतं म्हणून जेवला. डोळे भरले होते आणि भाकरी चावत होता. ‘खा’ म्हणाला नाही. त्या पोराला मी हात जोडले, मनातल्या मनात. जिन्यात मला म्हणाला, “मावशी, मी तिला बरी करायला आलो होतो. आता कळलं, ते माझं काम नाय. बरी तीच होतेय. मी बाजूला बसतो.”

मला तुझं व्रत मोडायचं नाही. ते तुझं आणि तुझ्या देवाचं. मी एवढंच म्हणते, येत्या सोमवारी इथे ये.

किशोरी

---

सुकापूर
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आई,

मी तुला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. मावशी म्हणाली, मधे मी नको, तूच लिही.

मागच्या सोमवारी तू दारात आलीस तेव्हा आधी माझं लक्ष तुझ्या हातांकडे गेलं. डबा नव्हता, पिशवी नव्हती. तू माझ्याकडे कधी रिकाम्या हाताने आलेली नाहीस. मला वाटलं, कोणीतरी गेलं.

मावशीने आपल्या तिघींची ताटं मांडली. वरण, भात, दोडक्याची भाजी. तू उठून वाढायला लागशील म्हणून मी वाट बघत होते, तर तू बसलीस. देवघराच्या दिशेने हात जोडलेस आणि हळूच म्हणालीस, “तुझ्याशी मी नंतर बोलेन.” मग मावशीला म्हणालीस, “मीठ दे.”

आई, तू भाताचा घास उचललास, तो अर्ध्यात थांबला, परत ताटात गेला. परत उचललास. तो हात मी ओळखला. मी तो दिवसातून सहा वेळा बघते. मला इतके दिवस वाटायचं की हे फक्त मलाच होतं. तू घास तोंडात घातलास आणि रडायला लागलीस, आणि रडत रडत म्हणालीस, “मला कोणासमोर जेवताच येत नाही गं.” मी म्हणाले, “घाई नाही, आई. मी बसलेय.” हेच मला सगळ्यांनी म्हणावं असं मला कायम वाटायचं.

त्या दिवशी मी तीनच घास खाल्ले. तू तरी कुठे जास्त खाल्लेस? मावशी म्हणते, सोळा सोमवार करणाऱ्या बायका तिने पुष्कळ पाहिल्यात. पंधरावा सोडणारी पहिलीच. तिने हे इतक्या अभिमानाने शेजारच्या काकूंना सांगितलं की त्यांना वाटलं, तुला कुठला पुरस्कार मिळाला.

काल, जो तुझा सोळावा झाला असता, त्या दिवशी मी सकाळी घाबरून उठले. डोक्यात तेच सुरू झालं, आई उपाशी, आई उपाशी. मग मी ठरवून आठवलं, नाही, आई जेवणार आहे. पोहे निम्मे खाल्ले. दुपारी पोळी, भाजी, भात. संध्याकाळचं राहिलं. रात्री थोडं. सगळं नाही जमलं. रमा मॅडमना परवा हेच सांगणार आहे. हॉस्पिटल सध्या तरी टळलंय, चार आठवड्यांनी परत बघू म्हणाल्यात. मी बरी झाले असं तू कोणाला सांगू नकोस. मी होतेय. यात बरेच वाईट दिवस येतील.

आर्यनला मी सांगितलंय, “लग्नाचं इतक्यात विचारू नकोस. मला आधी माझ्या भुकेने जेवायचंय. तुझ्या प्रेमाखातर नाही, आईच्या व्रताखातर नाही, कोणाच्याच खातर नाही.” मला वाटलं, त्याला वाईट वाटेल. तो म्हणाला, “बरं.” आणि पुढे काही बोलला नाही, म्हणून तो मला आवडतो.

तुला व्रत मोडल्याची भीती वाटत असेल. मला खोटी समजूत घालता येत नाही. पण एक सांगते. तू माझ्यासाठी चौदा सोमवार उपाशी राहिलीस, त्यातल्या एकाही दिवशी तू मला जवळची वाटली नाहीस, फक्त मोठी वाटलीस. त्या दिवशी तोंडात घास घेऊन रडत होतीस ना, तेव्हा जवळची वाटलीस.

इरा

---

कराड
२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

बाळा इरा,

तुझं पत्र शनिवारी आलं. ह्यांना वाचायला दिलं नाही. माझं आहे म्हटलं.

भीती वाटते. खोटं सांगत नाही. गेले दोन आठवडे फोन वाजला की उचलायच्या आधी देवघराकडे बघते. आज त्या व्रताचं उद्यापन झालं असतं. शेजारच्या वहिनींनी विचारलं, झालं का नीट पार पडलं? मी म्हटलं, पंधराव्याला मोडलं, लेकीबरोबर जेवले. देवाशी बोलायचं होतं, ते बोलले. तो ऐकतोय असं वाटलं, आणखी काय सांगू.

आर्यनला म्हणावं, त्याच्या आईला एकदा भेटायचंय मला. लग्नाचं बोलायला नाही. अशीच.

आता आजची गोष्ट. साडेअकराला भाजी फोडणीला टाकली आणि पोटात काहीतरी व्हायला लागलं. आत ओढल्यासारखं, थोडी चक्कर आल्यासारखं. मला वाटलं, पित्त. मी गोळी शोधायला लागले. डबा उघडला, गोळी हातात घेतली, आणि तशीच उभी राहिले. कारण ते पित्त नव्हतं गं. मला भूक लागली होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, आणि मला ओळखता येईना.

हे अजून बाजारातून यायचे होते. मी गोळी परत डब्यात ठेवली, पाट मांडला, स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि जेवले.

आई